संग्रहालयात इंटर्न म्हणून रुजू होताना

ओळखपत्र, इमारतीचा फेरफटका, आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता हे सगळं पहिल्या तासातच उरकतं. खरं ओरिएंटेशन स्टोअरच्या, म्हणजे वस्तू जपून ठेवायच्या खोलीच्या, दाराशी सुरू होतं. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. अंगठ्या, घड्याळ, गळ्यात लोंबणारं ओळखपत्रही काढायचं. वाकलं की वस्तूला आधी तेच घासतं.

पांढरे सुती हातमोजे फोटोत छान दिसतात, पण काच आणि चिनी माती त्यांतून निसटते. धातू आणि छायाचित्रांसाठी नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे) मोजे वापरावेत, कारण घामातल्या क्षारांमुळे धातूवर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. जुना कागद बहुधा स्वच्छ, कोरड्या हातांनीच हाताळतात. मोजे घातले की पानाची कड जाणवत नाही आणि ती फाटते. पेंढा भरलेल्या जुन्या पशुपक्ष्यांना मात्र मोज्यांशिवाय हात लावू नका. पूर्वी त्यांच्या कातड्याला आर्सेनिक चोळत.

वस्तू उचलण्याआधी ती ठेवायची जागा मोकळी करा. सुरई कानाला धरून उचलायची नाही. तो कान कधीकाळी डिंकाने चिकटवलेला असू शकतो. एक हात तळाखाली, दुसरा पोटाला. लांब न्यायची असेल तर मऊ अस्तराच्या ट्रेमध्ये, एका वेळी एकच. तरीही फुटली तर चिकटवायला जाऊ नका. तुकडे जागेवरच ठेवून फोटो काढा, वरिष्ठांना बोलवा, मग बारीक कपचीसुद्धा पिशवीत भरून त्यावर त्या वस्तूचा नोंदवहीतला क्रमांक लिहा.

या क्रमांकाकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. २०१९.१४.३ म्हणजे २०१९ साली आलेल्या चौदाव्या संचातली तिसरी वस्तू. डबा आणि झाकण असेल तर पुढे अ, ब. लेबल गळून पडलं की दाता, गाव, काळ, सगळं वस्तूपासून तुटतं; मग ती नुसती जुनी सुरई उरते. म्हणून सुटं लेबल दिसलं तर अंदाजाने बांधू नका. ते कुठे सापडलं ते लिहून नोंदवहीशी ताडून पाहा.

जागा बदलली की नोंद त्याच क्षणी करायची. ‘जेवून आल्यावर लिहू’ म्हणून शेजारच्या फळीवर ठेवलेली वस्तू पुढच्या मोजणीत ‘गहाळ’ म्हणून निघते, आणि मग अख्खं स्टोअर उपसावं लागतं.