खडक कोणता?

मी एका धर्मशिक्षण संस्थेत नवा करार शिकवतो. वर्षातून एका सत्राला आमच्या प्रॉटेस्टंट विद्यार्थ्यांबरोबर कॅथलिक आणि सिरियन ऑर्थोडॉक्स विद्यार्थीही बसतात. त्या सत्राचा नियम एकच आहे: प्रत्येकाने दुसऱ्या परंपरेने लावलेला अर्थ मांडायचा, आणि तो असा मांडायचा की त्या परंपरेतल्या ऐकणाऱ्याने "होय, आम्ही हेच म्हणतो" असे म्हणावे. यंदाचा उतारा होता मत्तय 16:13-19. येशू आपला शिष्य पेत्र याला म्हणतो, "तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन", ते वचन त्यातलेच. हा खडक म्हणजे स्वतः पेत्र, त्याचा विश्वास, की ख्रिस्त, यावर या परंपरांत जुना वाद आहे.

पहिली अडचण अर्थ लावण्याआधीच आली. आमचे विद्यार्थी 'मंडळी' म्हणत होते आणि वसईहून आलेल्या सिस्टर 'ख्रिस्तसभा' म्हणत होत्या. मूळ ग्रीक शब्द एकच असला, तरी दोघांच्या कानांना दुसऱ्याचा शब्द परका लागत होता.

नगर जिल्ह्यातल्या एका पाळकांच्या मुलाकडे, खडक म्हणजे पेत्रच, हा कॅथलिक अर्थ आला होता. मला धाकधूक होती ती 'लहान दगड, मोठा खडक' या युक्तिवादाची. पेत्रोस म्हणजे सुटा दगड आणि पेत्रा म्हणजे अखंड कातळ, म्हणून येशू पेत्राविषयी बोलतच नाही, असे आमच्या व्यासपीठांवरून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि ग्रीक न शिकलेले उपदेशक ते सर्वांत ठामपणे सांगतात. हा भेद प्रामुख्याने जुन्या ग्रीक काव्यात सापडतो. पहिल्या शतकातल्या बोलीवर त्याचा भार टाकता येत नाही. शिवाय येशू अरामी बोलत असे, आणि अरामीत दोन्ही ठिकाणी 'केफा' (खडक) हाच शब्द बसतो. योहान 1:42 मध्ये हे नाव तसेच आले आहे, आणि पौलही गलतीकरांना लिहिताना त्याला केफा म्हणतो. ऑर्थोडॉक्स विद्यार्थ्याने आपल्या सिरियाक, म्हणजे अरामीच्याच एका बोलीतल्या, पवित्र शास्त्रातून ते वचन वाचून दाखवले, तेव्हा एकच शब्द दोनदा उमटलेला सर्वांनी ऐकला.

त्या मुलाने मात्र ग्रीक व्याकरणाला हातही लावला नाही. तो थेट यशया 22:22 कडे गेला. तेथे दावीदाच्या घराण्याची किल्ली एल्याकीमच्या खांद्यावर ठेवलेली आहे. राजा असतो, पण राजवाड्याचा कारभारीही असतो. स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या पेत्राला देणारा येशू ह्याच पदाची भाषा बोलत आहे, हे त्याने सावकाश उलगडले, आणि 1870 च्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अधिकाराविषयी बोलताना हाच उतारा का पुढे ठेवला, तेथपर्यंत तो आला. सिस्टरांचे डोळे भरून आले होते. "आमच्याकडेसुद्धा इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं," असे त्या म्हणाल्या.

सिस्टरांनी प्रॉटेस्टंट बाजू तितक्याच निष्ठेने मांडली. ख्रिस्तावाचून दुसरा पाया घालता येत नाही हे 1 करिंथ 3:11 त्यांनी आधाराला घेतले, आणि खडक म्हणजे पेत्राने कबूल केलेला विश्वास, हे चौथ्या शतकातला उपदेशक योहान ख्रिसोस्तोम याचे विवेचनही सांगितले. किल्ल्यांबरोबर पेत्राला दिलेला बांधण्या-सोडण्याचा अधिकार मत्तय 18:18 मध्ये सर्व शिष्यांना मिळतो आणि प्रत्येक बिशप पेत्राच्याच आसनावर बसतो, ही ऑर्थोडॉक्स भूमिका एका मुलीने मांडली; त्यासाठी तिने तिसऱ्या शतकातला बिशप सिप्रियन आणखी वाचायला हवा होता.

सत्र संपल्यावर पाळकांचा तो मुलगा थांबला. "सर, येत्या रविवारी वडिलांच्या मंडळीत मला ह्याच वचनावर उपदेश करायचा आहे. आता मी काय सांगू?"

मी त्याला प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनविषयी सांगितले. आयुष्याच्या अखेरीस स्वतःचे लेखन तपासताना, आपण पूर्वी खडक म्हणजे पेत्र असे म्हटले होते आणि नंतर अनेकदा ख्रिस्त असे म्हटले, हे ऑगस्टीनने नोंदवले आणि कोणता अर्थ अधिक संभवनीय आहे हे वाचकाने ठरवावे, असे लिहिले. त्याने ते ऐकून घेतले.

"पण सर, ऑगस्टीन बिशप होते. माझ्यासमोर माझी आजी बसलेली असणार."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. दुसऱ्याचा अर्थ त्याच्याच आतून समजून घेतल्यावाचून धर्मशिक्षण पुरे होत नाही, यावर माझा पक्का विश्वास आहे. पण घरी परतल्यावर त्या मुलाने कशावर उभे राहायचे, हे मी एका तासात बसवून दिले नव्हते, आणि द्यायला हवे होते असे मला रोज वाटते.

सत्रानंतरच्या निबंधाच्या शेवटच्या पानावर 'माझी स्वतःची भूमिका' लिहायची असते. त्याची आधीची नऊ पाने वर्गात सर्वोत्तम आहेत. शेवटचे पान त्याने कोरे ठेवले आहे, आणि त्या पानाचे गुण मी अजून भरलेले नाहीत.