मधल्या जागेतली टाकी

गेली काही वर्षे मी विमानांच्या प्रतिकृती मागणीनुसार बनवून देतो. त्यात सर्वाधिक जीव लावून केलेले काम म्हणजे फेअरी स्वोर्डफिश, दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश नौदलाचे दुपंखी टॉर्पेडो विमान. मागणी स्पष्ट होती: १:४८ प्रमाण, आणि ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री 'इलस्ट्रियस' या विमानवाहू जहाजावरून इटलीच्या टारंटो बंदराकडे टॉर्पेडो घेऊन निघालेले विमान.

मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १३.८७ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम २९ सेंटिमीटर. तेवढ्या जागेत दोन पंखांमधल्या ताणतारा ओवायच्या होत्या. सुईएवढ्या ड्रिलने भोके पाडून, ताणला जाणारा बारीक धागा चिमट्याने ओढून, टोकाला सुपरग्लूचा थेंब द्यायचा आणि श्वास रोखून थांबायचे, असे माझे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी शेवटची तार बसली.

त्याच दिवशी दुपारी ग्राहक काम पाहायला आले. ते निवृत्त नौदल अधिकारी. उमेदीच्या काळात दाबोळीच्या तळावरून अलिझे विमानांत निरीक्षक, म्हणजे दिशा आणि टेहळणी सांभाळणारा अधिकारी, म्हणून उडालेले. त्यांनी भिंग मागून घेतले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मधल्या जागेत कोणाला बसवलंत?"

"निरीक्षकाला, सर. पुढे वैमानिक, मधे निरीक्षक, मागे तोफची."

"एरवी बरोबर आहे. पण त्या रात्री टॉर्पेडोच्या विमानांत मधे माणूस नव्हता, पेट्रोलची टाकी होती."

मी हादरलोच. स्वोर्डफिशमध्ये तिघे बसतात हे पाठ असल्यामुळे त्या मोहिमेची नोंद मी बारकाईने वाचलीच नव्हती, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती. पल्ला वाढवण्यासाठी ६० गॅलनची जादा टाकी निरीक्षकाच्या जागेत बसवली होती, निरीक्षक मागे सरकला होता आणि तोफची जहाजावरच राहिला होता. बॉम्ब नेणाऱ्या विमानांना ती टाकी पोटाखाली लावता आली. टॉर्पेडोच्या विमानांत मात्र ती जागा टॉर्पेडोने घेतलेली. उघड्या कॉकपिटमध्ये, पुढ्यात पेट्रोल घेऊन, विमानवेधी तोफांच्या माऱ्यात शिरणाऱ्या त्या निरीक्षकाबद्दल साहेब बोलत होते, तेव्हा त्यांचा हात नकळत माझ्या टेबलाची कड घट्ट धरून होता.

संध्याकाळी मी दोन्ही पुतळे उपटले. त्यात दोन ताणतारा तुटल्या. ६० गॅलन म्हणजे सुमारे २७३ लिटर. या प्रमाणात घनफळ १,१०,५९२ पटींनी घटते, म्हणून टाकी अडीच घनसेंटिमीटरची हवी, हा हिशेब मांडून मी प्लास्टिकच्या नळीतून ती कापली, घासली, रंगवली आणि पट्ट्यांनी बांधल्यासारखी बसवली. निरीक्षकाला मागच्या जागेत बसवले. तुटलेल्या तारा पुन्हा ओवेपर्यंत पहाट झाली.

टारंटोवर गेलेल्या २१ स्वोर्डफिशपैकी ११ विमानांत टॉर्पेडो होते. दोन विमाने परतली नाहीत. इटलीच्या तीन युद्धनौकांना मात्र टॉर्पेडो लागले.

तोफचीचा पुतळा माझ्याकडे उरला होता. प्रतिकृतीचा पाया जहाजाच्या डेकसारखा केला होता. साहेबांना विचारून त्याला मी तिथेच, डाव्या पंखाच्या टोकापाशी, विमानाकडे तोंड करून उभा केला.