फीड बंद, तरी जुलाब चालूच

आयसीयूत कुणाला जुलाब लागले की पहिला संशय आमच्यावर. नळीतून काय आणि किती द्यायचं हे आम्ही आहारतज्ज्ञ ठरवतो, त्यामुळे ‘फीड सोसत नाही’ हा शेरा फाइलवर चढायला वेळ लागत नाही. मग फीड पातळ करा, निम्मं करा, शेवटी बंदच करा. त्या सकाळी मी राउंडला पोचले तेव्हा कोपऱ्यातल्या बेडवरच्या काकांचं फीड आदल्या दिवसापासून बंद होतं.

काका साठीच्या पुढचे, जुने मधुमेही. अर्धांगाचा झटका आलेला, गिळता येत नव्हतं, म्हणून राइल्स ट्यूब, नाकातून पोटात जाणारी नळी. मध्ये एकदा फिट येऊन गेली होती, ताप चढ-उतार करत होता, पोटॅशियम खाली आलेलं. त्यात हे जुलाब. पाठीखालची कातडी लाल व्हायला लागली होती आणि सिस्टर चादरी बदलून थकल्या होत्या.

रेसिडेंट डॉक्टर हुशार मुलगा. तो म्हणाला, “मॅडम, फीड बंद करून चोवीस तास झाले, तरी मोशन्स तेवढ्याच आहेत. म्हणजे तुमच्या फीडचा दोष नाही. इन्फेक्शनच दिसतंय, अँटिबायोटिक बदलूया.”

फीड निर्दोष सुटलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. त्याचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबरही होतं. न पचलेल्या, न शोषलेल्या पदार्थामुळे होणारे जुलाब उपाशी ठेवलं की थांबतात. आतडंच पाणी सोडत असेल तर उपाशी ठेवूनही थांबत नाहीत. पण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची (अँटिबायोटिकनंतर जुलाब घडवणाऱ्या जिवाणूची) तपासणी निगेटिव्ह आली होती, आणि शौचाच्या नमुन्यातल्या क्षारांचा रिपोर्ट नुकताच आला होता. सोडियम 38, पोटॅशियम 32, दर लिटरला मिलिमोलमध्ये.

हे दोन आकडे कुणी फारसे बघत नाही, पण त्यांतून बरंच कळतं. आतड्यातल्या पाण्याचा ऑस्मोटिक दाब, म्हणजे विरघळलेल्या कणांची पाणी धरून ठेवायची ताकद, रक्ताइतकाच असतो, त्याच मापात साधारण 290. सोडियम-पोटॅशियमची बेरीज करून दुप्पट करायची, म्हणजे त्यांच्या जोडीचे ऋण आयनही हिशेबात येतात, आणि ती 290 मधून वजा करायची. उरलेला आकडा 50 च्या आत असला तर आतडं स्वतःच क्षार आणि पाणी सोडतंय. 100 च्या वर गेला तर क्षारांखेरीज दुसरं काहीतरी पाण्याला धरून बसलंय. काकांचा आकडा 150 आला. म्हणजे पोटात न शोषलेलं काहीतरी होतं. आणि पोटात तर काहीच जात नव्हतं!

दहाच्या औषधांची वेळ झाली म्हणून मी तिथेच थांबले. सिस्टरनी मोठी सिरिंज घेतली आणि पॅरासिटामॉलचं सिरप ओतायला सुरुवात केली. बाटली तिरकी केली तरी आतला द्रव घाईत नव्हता. काचेला चिकटून सावकाश खाली सरकत होता. मग फिटचं औषध, लेव्हेटिरासिटाम, तेही सिरप. मग पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण. प्रत्येकानंतर पाण्याचा फ्लश. “नाहीतर नळी चोंदते हो,” सिस्टर म्हणाल्या.

बाटल्या हातात घेऊन वाचल्या. तिन्हींवर ठळक अक्षरांत ‘शुगर-फ्री’. मागच्या बाजूला, भिंगाखाली धरावं अशा बारीक छपाईत, इतर घटकांमध्ये सॉर्बिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) 70 टक्के द्रावण. किती, ते कुठेच नाही.

फार्मसीत फोन केला. तिथल्या फार्मासिस्टनी कंपन्यांची माहितीपत्रकं काढून दर मिलिलिटरमागे सॉर्बिटॉल किती ते सांगितलं. पॅरासिटामॉल दिवसातून चार वेळा, फिटचं औषध दोनदा, पोटॅशियम तीनदा. बेरीज झाली दिवसाला 28 ग्रॅम. धडधाकट माणसाचंही पोट साधारण 20 ग्रॅमच्या पुढे बिघडायला लागतं, काहींना 10 ग्रॅमही पुरे होतात. आणि हेच 70 टक्के द्रावण बद्धकोष्ठावर रेचक म्हणून देतात! आम्ही काकांना रेचक पाजत होतो आणि जुलाबाचं कारण शोधत होतो.

रेसिडेंटला हे लगेच पटलं नाही. “अठ्ठावीस ग्रॅमनं एवढं?” मग त्याच्यासमोर कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. सॉर्बिटॉलचा रेणूभार 182. 28 ग्रॅम म्हणजे 154 मिलिमोल. आतड्यात दर लिटरला 290 च्या हिशेबानं एवढं सॉर्बिटॉल अर्धा लिटरभर पाणी अडवून ठेवू शकतं. अर्थात सगळंच न शोषता राहिलं तर.

सगळं राहत नाही, पण बरंच राहतं. ग्लुकोजला आतड्याच्या पेशीत ओढून नेणारी प्रथिनं आहेत, सोडियमसोबत त्याला आत घेतात. सॉर्बिटॉलसाठी तशी सोय नाही. ते नुसतं विसरणानं, म्हणजे दाट बाजूकडून विरळ बाजूकडे, संथपणे झिरपतं. जेवढं रक्तात पोचतं त्याचं यकृतात फ्रुक्टोज होतं, त्यामुळे साखर झपकन चढत नाही, आणि म्हणूनच मधुमेह्यांच्या औषधांत त्याला मान. (ज्यांना जन्मतः फ्रुक्टोज पचवता येत नाही त्यांना मात्र हेच सॉर्बिटॉल धोक्याचं, हा आजार विरळा, पण लहान बाळात तो अजून ओळखला गेलेला नसतो.) उरलेलं मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू होतो, आणि लहान साखळीची आम्लं तयार होतात. ही आम्लं आतडं शोषून घेतं आणि त्यांच्याबरोबर पाणीही परत येतं, म्हणजे जिवाणू निम्मी बाजू सांभाळून घेतात. काकांच्या जिवाणूंवर आठवडाभर अँटिबायोटिकचा मारा चालला होता. सांभाळायला तिथे उरलं होतं कोण?

अँटिबायोटिक बदलायचा बेत रद्द झाला. पॅरासिटामॉल आणि फिटचं औषध शिरेतून, पोटॅशियम सलाइनमधून. पोटॅशियमची गोळी कुटून द्यावी असं कुणीतरी सुचवलं; ती हळूहळू विरघळणारी गोळी असते, कुटायची नसते, तेव्हा मी नाही म्हणाले. फीड कमी वेगानं पुन्हा सुरू केलं. बाकी काही बदललं नाही, अँटिबायोटिकही तेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चादरी कोरड्या राहायला लागल्या.

काकांचा मुलगा भेटायला आला तेव्हा रेसिडेंटनं त्याला सगळं समजावलं. त्याचा चेहरा उतरला. भरती केलं त्या दिवशी ‘साखरेचं औषध देऊ नका’ असा हट्ट त्यानंच धरला होता. त्यात त्याचं काय चुकलं? मधुमेही वडिलांसाठी कुणीही तेच म्हणेल. त्याला बाजूला घेऊन मी तसं सांगितलं. तर त्याचा पुढचा प्रश्न, “म्हणजे मॅडम, घरातल्या साखरेऐवजीच्या गोड गोळ्या, पावडरी, सगळं फेकून देऊ?”

हा प्रश्न मला नेहमी पडतो, म्हणजे माझ्यावर पडतो, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं त्याचं उत्तर नसतं. या सगळ्यांत सारखेपणा काय तो जिभेवरचा. जिभेखाली उतरलं की प्रत्येकाची वाट निराळी. अ‍ॅस्पार्टेम लहान आतड्यातच तुटतं: फिनाइलअ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि थोडं मेथॅनॉल. अख्खं अ‍ॅस्पार्टेम रक्तात पोचतच नाही. फिनाइलकीटोन्युरिया (फिनाइलअ‍ॅलनिन पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी ते टाळायचं ते यातल्या पहिल्या तुकड्यामुळे. सॅकरिन उलट. ते बहुतेक सगळं रक्तात शिरतं आणि काहीही बदल न होता लघवीतून निघून जातं, अ‍ॅसेसल्फेमचंही तसंच. सुक्रालोज, 1976 साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस यांना ज्याची गोडी पहिल्यांदा कळली ते, साधारण 85 टक्के शौचावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. पण साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असल्यामुळे ते घ्यावं लागतं मिलिग्रॅममध्ये, आणि मिलिग्रॅमभर न शोषलेला पदार्थ पाणी धरून धरणार किती? स्टीव्हियाची गोड द्रव्यं तशीच मोठ्या आतड्यापर्यंत जातात, तिथले जिवाणू त्यांची शर्करा तोडतात, उरलेलं स्टीव्हिऑल रक्तात येतं, यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं.

सॉर्बिटॉलच्या जातीचे पदार्थ ग्रॅमनं घेतले जातात, म्हणून तिथे पोटाचा प्रश्न येतो. त्यातही एरिथ्रिटॉल लहान रेणू. बव्हंशी लहान आतड्यातच शोषलं जातं आणि न बदलता लघवीत उतरतं, त्यामुळे पोटाला तसं सोपं. मोठे रेणू मागे रेंगाळतात.

एवढं सगळं त्याला तिथे उभ्या उभ्या सांगितलं नाही, निम्मंच सांगितलं. गोळ्या ठेवा, पावडरीवर घटक वाचा, शेवट ‘-ऑल’ असेल तर चमच्याचा हिशेब ठेवा, आणि वडिलांच्या पातळ औषधांबद्दल दर वेळी विचारा. त्यानं खिशातून शुगर-फ्री च्युइंगगमचा डबा काढून दाखवला. “यात झायलिटॉल आहे. हे?”

माणसाला त्याचं फार काही नाही, साधारण निम्मं शोषलं जातं, यकृत ते वापरून टाकतं, जास्त झालं तर पोट ढिलं. पण मी विचारलं, “घरी कुत्रा आहे?”

“आहे. का?”

कुत्र्याचं स्वादुपिंड झायलिटॉलला साखरच समजल्यासारखं भसाभस इन्सुलिन सोडतं. रक्तातली साखर तासाभरात धोक्याच्या खाली जाऊ शकते, आणि मात्रा जास्त असली तर यकृतही निकामी होतं. हे ऐकता ऐकता त्याचा हात फोनकडे गेला. “अगं, टीपॉयवर गमचा मोठा डबा आहे ना, तो आधी कपाटात वर ठेव. नंतर सांगतो. आधी ठेव!”