गुरुवारचे दादा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षकांच्या आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाने कळवले होते. शिक्षकांचे ऋण माझ्यावर आहेच, आणि ते माझ्याहून चांगले मांडू शकणारे माझ्या तुकडीत पुष्कळ आहेत. परंतु १९८२ ते १९८८ या काळात गुरुवारच्या मधल्या सुट्टीत सायकल-स्टँडवर पाना घेऊन बसलेले एक गृहस्थ त्या वेळच्या बऱ्याच जणांना आठवत असतील. ते माझे वडील. घरात आम्ही त्यांना दादा म्हणत असू.

गुरुवारच का, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी पडू नये म्हणून पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असे. आमची सुट्टी रविवारी, त्यांची गुरुवारी. त्यामुळे दिवाळी आणि गणपती वगळता बापलेकांची सुट्टी एका दिवशी यायचीच नाही. आईने यावर बराच त्रागा केला. दादांनी त्यावर आपल्या परीने तोडगा काढला: गुरुवारी ते आमचा गरम डबा घेऊन शाळेतच येऊ लागले, आणि डबा संपेपर्यंत रिकामे बसणे स्वभावात नसल्यामुळे मुलांच्या सायकलींचे ब्रेक आवळू लागले.

दादा सातवी पास होऊन माण तालुक्यातून आले आणि १९६८मध्ये आकुर्डीला बजाज ऑटोमध्ये लागले. तेव्हा तिथे इटलीच्या पिआज्जो कंपनीच्या परवान्यावर स्कूटर तयार होत असे. तो करार १९७१मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. दादांचा बहुतेक काळ हँडलच्या केबली जोडण्यात गेला. चेतकचे चारही गिअर डाव्या मुठीत असत, आणि केबल किंचित जरी ताठ राहिली तरी गिअर नीट पडत नसे. ती किती सैल सोडायची, हे मोजमापाच्या कागदावर लिहिलेले असूनही दादा अंगठ्याने दाबून ठरवत, आणि मग कागदाशी ताडून पाहत. उलट क्रमाने मी त्यांना कधीच पाहिले नाही. नंबर लावून लोक ज्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबत, ती रोज हातांखालून जाऊ देणारा हा माणूस स्वतः मात्र १९८६पर्यंत सायकलनेच कामावर जात होता.

आम्हाला गणित शिकवणाऱ्या सरांकडे चेतक होती. एका गुरुवारी ती सुरू होईना, तेव्हा सरांनी सर्वांच्या सवयीप्रमाणे तिला एका अंगावर कलती केली. स्कूटर अशी आडवी करणे दादांना तिचा अपमान वाटत असे. ते उठून आले आणि अतिशय अदबीने म्हणाले, “सर, तिला झोपवू नका. तिला काय झालंय ते आधी बघू या.” त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लग काढला, तो ओला झाला होता तो स्वतःच्या धोतराच्या नव्हे, तर धुतलेल्या रुमालाच्या टोकाने पुसला (हा रुमाल आईने त्याच दिवशी दिला होता, त्यामुळे घरी पुढे काय झाले ते लिहीत नाही), दोन-तीन रिकाम्या किक मारल्या आणि प्लग परत बसवला. पुढच्याच किकला गाडी सुरू झाली. त्यानंतर सर पालकसभेत दादांना पुढच्या बाकावर बोलवत. पण रात्रपाळी करून आलेले दादा मागच्या बाकावरच बसत, कारण तिथे डुलकी लागली तर कोणाच्या ध्यानात येत नसे. माझे प्रगतिपुस्तक मात्र ते जागेपणी, ओळ न् ओळ वाचत.

रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी घरी येत, आधी आम्हा दोघा भावंडांचे बूट पुसत, ताईच्या रिबिनी शोधून देत, आम्ही बाहेर पडलो की मग झोपत. ताईच्या डी.एड.च्या दोन वर्षांत त्यांनी मिळेल तेवढा ओव्हरटाइम केला. या गोष्टीचा त्यांनी पुढे कधी उल्लेख केला नाही. मला ती ताईच्या लग्नात आईकडून कळली.

ते २००४मध्ये निवृत्त झाले. आकुर्डीतले उत्पादन २००७मध्ये थांबल्याची बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि पेपर घडी घालून ठेवला. सवयीने सुट्टीचा दिवस मात्र गुरुवारच राहिला. नातवंडांना बागेत न्यायचे ते गुरुवारी, आणि दाढी न करता बसून राहायचे तेही गुरुवारी.

दादा गेल्या वर्षी गेले. त्याआधी काही महिने शेजाऱ्यांनी विजेवर चालणारी नवी चेतक घेतली. तिचा कारखाना २०२२मध्ये आकुर्डीलाच सुरू झाल्याचे मी त्यांना सांगितले होते. दादा काठी टेकत खाली गेले. किक नाही, गिअर नाहीत, हे त्यांनी डावी मूठ फिरवून खात्री करून घेतले. मग वाकून बोटाच्या पेराने तिच्या अंगावर दोनदा टकटक केली, कान दिला आणि म्हणाले, “पत्रा आहे.” त्यानंतर डॉक्टरांनी साखर बंद केलेली असतानाही शेजाऱ्यांकडे त्यांनी गोड चहा घेतला, तोही दोन कप.