चोडणला किती वाजता जावं?

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर पक्षी बघायला पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे यायचे ठरले की फोनवर हा प्रश्न हमखास येतो. "सकाळी सहाला" हे उत्तर त्यांनी आधीच धरलेलं असतं, माझा फक्त दुजोरा हवा असतो. तो मी देत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: घड्याळ राहू द्या, ओहोटी बघा. तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात कुणाला साधलेली वेळ तुमच्या कामाची नाही.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ सालचं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. खंड्या, बगळे, पाणकावळे दिसतातच, त्यांची काळजी नको. मान खाली घाला. पाणी उतरलं की खरी वर्दळ चिखलात असते.

निवटी बघा. मासाच, पण पाण्याबाहेर मजेत. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते आणि पुढच्या परांवर रेटा देत सरकते. मधूनच डोळा खोबणीत ओढून भिजवून घेते. शेजारी फिडलर खेकडे. नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी, मादीला खुणावायला आणि दुसऱ्या नराशी भांडायला. खायचं काम मात्र दुसऱ्या चिमुकल्या नांगीचं. एवढा जामानिमा, आणि जेवताना कुचकामी!

तिवर हे खारफुटीचं झाड, त्याची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. त्याच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल. जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. पण झाड ओळखता येत असेल तरच हे करा, कारण याच चिखलात गेवा हे दुसरं खारफुटीचं झाडही वाढतं आणि त्याचा चीक डोळ्यांना घातक.

होडीतून आतल्या खाड्यांत शिरायचं असेल तर मात्र भरतीच हवी. दोन्ही हवं असेल तर अर्धा दिवस मोकळा ठेवा.

मगर? दिसलीच तर ओहोटीला, काठावर ऊन खात पडलेली. मांडवी आणि जुवारी नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात शक्यता जास्त. दुर्भाट गावाकडे पौष अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा होते, मानगेथापणी म्हणतात तिला. तरी होडीत बसल्यावर हात पाण्यात सोडू नका.