गुऱ्हाळ आणि दाजींची बियर

दाजी न्यूझीलंडला घरीच बियर बनवतात, तिकडं चालतं ते. आज त्यांना कराडजवळच्या गुऱ्हाळावर नेलं तर काकवी राहिली बाजूला, माणूस काहिलीपाशीच अडकला. गुळव्यानं ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी उकळत्या रसात ओतलं आणि जरा वेळानं काळपट मळी भसाभसा वर यायला लागली, तो झाऱ्यानं काढत गेला आणि रस बघता बघता स्वच्छ. दाजी म्हणाले, अरे हे तर आमचं बियर नितळ करायचं जिलेटिन!

मग तिथंच चिपाडाच्या ढिगाजवळ क्लास सुरू. १९ लिटर बियरला साधारण अर्धा चमचा जिलेटिन, आधी गार पाण्यात फुगवायचं, मग ६५-७० डिग्रीपर्यंत गरम करायचं, उकळायचं नाही, उकळलं की त्याची ताकद जाते. बियर मात्र फ्रीजमध्ये चांगली गार झालेली पाहिजे. जिलेटिनवर पॉझिटिव्ह चार्ज, बियर गढूळ करणाऱ्या यीस्टवर निगेटिव्ह, दोघं चिकटतात, जड होतात आणि एक-दोन दिवसांत तळाला बसतात. इथं घाण वर येते, तिथं खाली जाते, एवढाच काय तो फरक.

गुळव्यानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "ते जिलेटिन कशाचं असतंय?" जनावराच्या कातडी-हाडांचं म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आमची भेंडीच बरी की पावनं." दाजी गप्प 😂

माझं मत गुळव्याला. आणि हायड्रॉस (रंग उजळवायची केमिकल पावडर) मारलेल्या पिवळ्याधमक गुळापेक्षा हा तपकिरी गूळ कधीही भारी. काकवी जास्तीची आणलीय, साताऱ्यातल्या कुणाला पाहिजे असेल तर रिकामी बाटली घेऊन या.