एरर कुठे पकडायचा आणि कुठे स्वतः फेकायचा

युजरकडून रक्कम घ्यायची आणि खात्यातून वजा करायची. एवढ्याशा पायथॉन प्रोग्रॅममध्येही नवशिके हमखास सगळा कोड ट्रायमध्ये (एरर येऊ शकेल असा कोड ठेवायचा भाग) कोंबतात आणि खाली नुसतं एक्सेप्ट (आलेला एरर पकडणारा भाग) लिहून त्यात 'पास', म्हणजे काहीच करू नको, असं टाकतात. प्रोग्रॅम पडत नाही, खरं. पण व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकल्यावर येणारा नेमएररही त्यात गडप होतो, मग शोधत बसा. शिवाय नुसतं एक्सेप्ट प्रोग्रॅम थांबवायची कंट्रोल-सीसुद्धा गिळतं. लूपमध्ये असलं तर प्रोग्रॅम थांबता थांबत नाही. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं तर कंट्रोल-सी सुटते, कारण तिच्यामुळे येणारा कीबोर्डइंटरप्ट एक्सेप्शनखाली नाही, थेट बेसएक्सेप्शन या सगळ्या एररच्या मूळ क्लासखाली येतो. नेमएरर मात्र तिथेही गडप होतोच.

ट्रायमध्ये फक्त इनपुट इंटमध्ये (पूर्णांकात) बदलायची ओळ ठेवा आणि व्हॅल्यूएरर तेवढा पकडा. 'पाचशे', '५००.५०', '१,२००', रिकामा एंटर या सगळ्यांवर तोच येतो. मजा म्हणजे देवनागरीत ५०० टाइप केलं तर इंट ते निमूट स्वीकारतं. उणे ५००सुद्धा स्वीकारतं, म्हणून ती तपासणी वेगळी करायची.

आता शिल्लक ५०० आणि मागितले ८००. आकडा बरोबर आहे, नियम मोडलाय तो आपला. इथे स्वतःचा क्लास हवा: 'अपुरीशिल्लक', एक्सेप्शनपासून घेतलेला. (पायथॉन ३ मध्ये असं देवनागरी नाव चालतं. टीममध्ये काम करताना इंग्रजी नाव ठेवून शेवटी एरर जोडायची पद्धत आहे.) इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारं फंक्शन) शिल्लक आणि रक्कम सेल्फवर, म्हणजे त्या ऑब्जेक्टवरच ठेवा, आणि सुपरच्या, म्हणजे मूळ क्लासच्या इनिटला मेसेज द्या. ते राहिलं तर प्रिंट केल्यावर मेसेजऐवजी कंसात नुसतं (५००, ८००) दिसतं. आकडे सेल्फवर असले की '३०० रुपये कमी पडतात' हे पकडणाऱ्याला वजाबाकी करून सांगता येतं, मेसेज फोडत बसावं लागत नाही.

हा क्लास व्हॅल्यूएररपासून काढायचा मोह होतो. तसं केलंत आणि व्हॅल्यूएररचा एक्सेप्ट वर राहिला, तर खात्यात पैसे नसणाऱ्याला 'आकडा नीट टाका' असं उत्तर मिळेल. पायथॉन वरून खाली बघतं आणि जुळलेला पहिला एक्सेप्ट घेतो, म्हणून उपक्लास आधी लिहायचा.

पकडलेल्या एररवरून आपला एरर फेकायचा असेल तर रेझच्या (एरर फेकायच्या) ओळीत शेवटी 'फ्रॉम ई' लावा; ई म्हणजे एक्सेप्टच्या ओळीत 'अ‍ॅज ई' लिहून पकडलेला एरर. मग आपला एरर त्याच्यामुळे आला हे स्पष्ट दिसतं. नाही लावलं तरी ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठून आला ते दाखवणारा मजकूर) दोन्ही एरर दिसतात, पण मधली ओळ 'पहिला हाताळताना दुसरा आला' अशा अर्थाची येते. वाचणाऱ्याला वाटतं, एक्सेप्टमधलाच कोड फुटला.